अर्ध्या हळकुंडानं कडू झालेलं तिखलं

मागच्याच्या मागच्या दिवाळीत मी आत्याला हळद दिली. साडी नाही, मिठाईचा पुडा नाही, हळद. ऑनलाइन मागवलेली, जाड काचेची बरणी, लाकडी बूच, गळ्याला सुतळी आणि सुतळीला लटकवलेलं हातकागदाचं लेबल, त्यावर मेघालयातल्या जैंतिया हिल्सची लाकाडोंग हळद असं लिहिलेलं आणि खाली जाड अक्षरात करक्युमिन, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारा घटक, सात टक्के. बाजारातल्या हळदीच्या जवळजवळ चौपट भाव पडला, पण म्हणलं असू दे, आत्यासारखे मासे करणारी बाई आचऱ्यापासून मालवणपर्यंत नाही, तिला सोनं काय आपल्याला परवडत नाही, सोन्याच्या रंगाचं काहीतरी तरी देऊ.

चार दिवसांनी फोन आला. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही, एकदम, "तुज्या त्या हळदीन माज्या बांगड्याच्या तिकल्याची वाट लावल्यान गो."

तिखलं म्हणजे माशाचं तिखट कालवण. मला आधी वाटलं भेसळ निघाली. तसं काही नव्हतं. झालं होतं असं की आत्याचा हात चाळीस वर्षं एकाच मापाचा, बांगडे धुतले की मीठ आणि दोन चिमट्या हळद चोळायची, मग वाटपात अर्धा चमचा, मग उकळी आल्यावर रंग बघून वाटलं तर परत थोडी, आणि हे माप बसलंय बाजारातल्या साध्या हळदीवर जिच्यात करक्युमिन दोन-तीन टक्के असतं. त्याच मापानं ही दुपटीपेक्षा जहाल हळद पडली, त्यात तिरफळं, त्यात कोकम, आणि सगळ्याच्या वर एक औषधी कडवटपणा येऊन बसला. काकानं म्हणे दोन घास खाल्ले आणि विचारलं की आज काढा का केलास.

आपल्याकडे म्हण आहे ना, अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं. थोडंसं काही हाती लागलं की शेफारून जाणाऱ्या माणसाला लावतात. ती मला तर लागू पडलीच, कारण बरणीचा फोटो मी स्टेटसला पण ठेवला होता, पण शब्दशः घेतली तर त्या बरणीवर लेबल म्हणून हीच लिहायला पाहिजे होती. अर्ध्यातच पिवळं होतंय, अर्धीच घाला. सात टक्के लिहायला जागा होती, एवढं लिहायला नव्हती.

तर तेव्हापासून मला हळदीचा नाद लागला. वर्षभर जिथे जाईन तिथे हळद बघत फिरले, नवरा म्हणतो लोक सोनं बघतात तसं तू मसाल्याच्या दुकानात काचेला नाक लावून उभी असतेस. आणि यंदा परत चार घरी हळदच दिली, पण ह्या वेळी कोणाला काय द्यायचं ते डोकं लावून. त्याचीच ही गोष्ट, जरा लांब होईल.

अशा एकाच ठिकाणच्या, न मिसळलेल्या हळदीला सिंगल ओरिजिन म्हणतात, आधी ते. इंग्रजी नाव ऐकून उगीच दबून जायला होतं, पण कोकणातल्या माणसाला हे शिकवायची गरजच नाही. आपण हापूसच्या बाबतीत काय करतो? देवगडचा की रत्नागिरीचा यावर भर पंगतीत भांडणं होतात, पेटीत खाली कर्नाटकातले आंबे घातलेत का ते आपण देठ हुंगून सांगतो, आणि हळद घ्यायला गेलो की "एक हळद पाकीट द्या". कुठली, कधीची, कोणाची, काही नाही. पिवळी आहे ना, झालं. गंमत म्हणजे हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते २०१८ मध्ये आणि सांगलीच्या हळदीला पण त्याच वर्षी. आंब्याचं आपल्याला तोंडपाठ, हळदीचं किती जणांना माहीत होतं? मलाही नव्हतं. वर्ध्याकडची वायगावची हळद तर त्याच्याही आधी, २०१६ ला, आणि हिंगोलीतली वसमतची आत्ता २०२४ ला. म्हणजे महाराष्ट्रातच तीन आहेत, आणि मी मेघालयातून मागवत बसले होते.

साध्या पाकिटात काय असतं तर निजामाबाद, इरोड, सांगली, नांदेड-हिंगोली असा कुठकुठचा माल एकत्र दळलेला. यात वाईट काही नाही हां, उलट आत्याचा हात चाळीस वर्षं चुकला नाही तो त्या मिसळीमुळेच, दरवर्षी रंग आणि चव साधारण एकसारखी येईल असं बघूनच ते मिसळतात. एकाच गावची, एकाच हंगामाची हळद घेतली की ती दरवर्षी थोडी वेगळी लागणार, पाऊस कमीजास्त झाला तर वेगळी, उकडायला उशीर झाला तर वेगळी. हे ज्याला चालतं, किंबहुना ज्याला यातच मजा वाटते, अशाच माणसाला ती द्यावी. ज्याला चालत नाही त्याला चांगले काजू द्यावेत, ते कोणालाही चालतात.

जानेवारीत भाच्याच्या साखरपुड्याला सांगलीला जायचं होतं. फोंडाघाट चढून कोल्हापूरमार्गे. मी आधीच सांगून ठेवलेलं की साखरपुडा झाला की मला मार्केट यार्डात सोडा, तर भावोजींनी ओळखीच्या एका अडत दुकानात नेलं. तिथे पोत्यांच्या थप्प्या, आणि सगळ्या हवेत तो वास, नाकात बसतो आणि घरी आल्यावर पण जात नाही, केसांना येतो. दुकानातले काका साठीचे असतील, अंगातला सदरा मूळचा पांढरा असावा. त्यांना म्हणलं काका मला भेट द्यायला चांगली हळद पाहिजे. ते म्हणाले, "पूड की हळकुंड?" म्हणलं पूड. तर म्हणाले, "मग मला कशाला विचारताय, पुडीत मला पण काय कळतंय?"

मग त्यांनी शिकवलं ते असं. हळकुंड हातात घ्यायचं, वजनदार लागलं पाहिजे, फोलासारखं हलकं लागलं की आतून पोचट. दोन हळकुंडं एकमेकांवर आपटायची, खणखण आवाज आला पाहिजे, बद आवाज आला तर आत ओल राहिलीय. मग मोडायचं. आणि मोडल्यावर आतला रंग बघायचा, बाहेरचा नाही, बाहेरचं तुकतुकीतपण ड्रममध्ये घालून पॉलिश केल्यावर येतंच, त्यावर जाऊ नका म्हणाले. आत गडद केशरी-पिवळं, मेणासारखं चकाकतं असलं की नीट उकडलेलं आणि नीट सुकवलेलं. आत फिकट पिठूळ असलं तर उकडण्यात गडबड. बारीक भोकं दिसली तर कीड, ते सोडूनच द्या. आणि मग तो मोडलेला तुकडा नाकाशी. मी आयुष्यात पहिल्यांदा हळदीचा वास नीट घेतला असेन, म्हणजे रोज येतो तो नाही, त्याच्या आतला, ओल्या मातीचा आणि थोडा संत्र्याच्या सालीचा आणि थोडा आल्याचा.

त्यांनी दोन-तीन जाती दाखवल्या. एकीला म्हणाले ही राजापुरी. मी लगेच खूश, म्हणलं आमच्या राजापूरची? गंगा येते तिथली? ते हसायला लागले. राजापुरी हे जातीचं नाव, हळद पिकते घाटावर, कृष्णेच्या काठानं. जाड जाड हळकुंडं असतात. दुसरी सेलम, ती तमिळनाडूच्या सेलमवरून, पण आता सांगली-साताऱ्याकडेही बक्कळ लावतात. म्हणजे पुड्यावर सेलम लिहिलंय म्हणून ती सेलमहून आलीय असं नाही, आणि राजापुरी लिहिलंय म्हणून राजापूरची नाही. जात वेगळी आणि गाव वेगळं, दोन्ही विचारायचं. हे मला त्या एका हसण्यात कळलं ते कुठल्या वेबसाइटवर कळलं नसतं.

परत येताना हरिपूरला गेलो. तिथली पेवं बघायची होती. जमिनीखाली खणलेली कोठारं, वरून तोंड लहान आणि आत पोट मोठं, पूर्वी हळद त्यात वर्षानुवर्षं ठेवत, कीड लागत नसे. आत प्राणवायू उरत नाही म्हणून तर कीड जगत नाही, आणि म्हणूनच माणसानं पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, आधी ते उघडं टाकून वारं लागू द्यायचं. २००५ च्या पुरात कृष्णेचं पाणी आत शिरून बरीचशी पेवं गेली, आता माल कोल्ड स्टोरेजला आणि गोदामात. मी तिथे उभी राहून विचार करत होते की आपल्याकडे एवढं खणलं तर खाली पाणीच लागेल. आमच्या घरात तर पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, पापडाचा डबा उघडला की पंधरा मिनिटांत पापड लुळा. कोकणात हळद भेट देताना हा विचार करायलाच पाहिजे. अर्धा किलोची सुंदर बरणी मे महिन्यात दिलीत तर जुलैत तिच्यात गुठळ्या. पूड असेल तर शंभर-दीडशे ग्रॅम बास, दोनतीन महिन्यांत संपेल एवढीच. वास हा त्यातल्या तेलाचा असतो आणि तेल उडतं, पूड केली की लवकरच उडतं. रंग मात्र राहतो आणि त्या रंगानं आपण फसतो, वाटतं हळद अजून चांगली आहे.

भेसळीचं बोलले नाही तर कमेंटमध्ये कोणीतरी विचारणारच, म्हणून सांगते. हळदीत दोन रंगांची भीती, एक मेटॅनिल यलो आणि दुसरं लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा रंग. दुसरं जास्त वाईट, कारण शिसं लहान मुलांच्या मेंदूला बाधतं. बांगलादेशात हे फार झालेलं, आणि त्याची सुरुवात कशी झाली ते वाचून मला आपलं कोकणच आठवलं. तिकडे १९८० च्या दशकात मोठा पूर आला, हळद ओली राहिली, काळपट पडली, तिला गिऱ्हाईक मिळेना म्हणून कोणीतरी पिवळा रंग चोळला, आणि मग सवयच पडली. २०१९ ला अभ्यास करणाऱ्यांनी हे उघडकीला आणलं तेव्हा बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं होतं. सरकारनं धाडी टाकल्या, दंड केले, लोकांना सांगितलं, आणि २०२१ ला ते प्रमाण शून्यावर आलं. दोन वर्षांत. पाहिजे असेल तर होतं म्हणजे.

घरी काय करता येतं तर एफएसएसएआयनं, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेनं, सांगितलेली साधी पाण्याची टेस्ट, ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद सोडायची आणि न ढवळता तसाच ठेवायचा. चांगली हळद सावकाश खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं होतं, रंग घातलेला असला तर पाणी एकदम गडद. अख्खं हळकुंड टाकून पण बघता येतं, त्यानं पाण्यात लगेच भडक रंग सोडला तर ते रंगवलेलं. आणि तो आयोडीनचा व्हिडिओ फिरतो ना, थेंब टाकला की निळं झालं म्हणजे पीठ मिसळलंय, तो सोडून द्या, हळदीत मुळातच स्टार्च असतं, शंभर टक्के शुद्ध असली तरी निळीच होणार. मी तो प्रयोग आईंसमोर, म्हणजे सासूबाईंसमोर करून त्यांच्या घरच्या हळदीला खोटी ठरवलं होतं, त्याचं अजून ऐकून घेते.

म्हणून माझं मत झालंय की भेट द्यायची तर शक्यतो हळकुंड द्यावं, जमत असेल त्यांना. लपवायला जागाच नसते त्यात. आणि आपल्याकडे हळकुंडाला हंगाम आहे. चैत्र-वैशाखात प्रत्येक घरी मालवणी मसाला होतो, मिरच्या उन्हात पडतात, धणे, बडीशेप, दगडफूल, तिरफळं, आणि त्यात हळकुंड लागतंच, फोडून थोड्या तेलात तळून घ्यायचं मग कांडपाला. माझी नणंद डोंबिवलीला असते आणि मसाला अजून तिथे करते, गच्चीवर मिरच्या वाळवून, सोसायटी भांडते तरी. तिला पाडव्याच्या आत हळकुंडं पोचली पाहिजेत हे माझ्या डोक्यात बसलेलं. तुतारी एक्सप्रेसनं जाणाऱ्या एका ओळखीच्यांच्या हाती दिली, अर्धा किलो, जुन्या उशीच्या अभ्र्यात बांधून. सुतळी नाही, लेबल नाही. आत एक चिठ्ठी, कुठली, कधी काढलेली, उकडून सुकवलेली, एवढंच. तिचा मेसेज आला, मसाल्याला ह्या वेळी वास वेगळाच आलाय, वरच्या मजल्यावरची पण विचारायला आली. हीच का भांडणारी ते तिनं लिहिलं नाही.

भाच्याला मात्र पूडच. पुण्यात फ्लॅटवर तिघं मुलं राहतात, आत्ता कुठे डाळ-भात-अंडाकरी शिकलेत, त्यांच्याकडे हळकुंड पाठवलं तर ते त्याचं पेपरवेट करतील. त्याला शंभर ग्रॅम, स्टीलच्या डबीत, आणि डबीच्या झाकणाला चिकटवलेला कागद, एका भांड्याला पाव चमचा, वर नाही. आत्याच्या वेळचा धडा. त्याचा फोन आला तो वेगळ्याच कारणानं, "मामी, शर्टवर हळद सांडली, साबण लावला तर लालभडक झालं, ह्यात काय केमिकल आहे का?" मी म्हणलं अरे बाबा, ह्याचंच तर पूर्वी कुंकू करायचे, हळदीला चुना किंवा तसलं काही क्षाराचं लागलं की ती लाल होते, साबणात तेच आहे. लहानपणी आम्ही हळदीच्या हातावर चुना चोळून रक्त आलं म्हणून आईला घाबरवायचो. धुऊन उन्हात टाक, डाग उडून जाईल. आणि उडाला. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, आणि हेच बघून मला ती काचेची बरणी परत आठवली, आत्यानं खिडकीत ठेवली होती, छान दिसते म्हणून. भेट म्हणून काच दिली की माणूस ती दिसेल अशी ठेवतो, तो काय कपाटात ठेवणार नाही, आणि खिडकीतलं ऊन रोज थोडी थोडी हळद खातं. म्हणून डबी. दिसायला साधी असली तरी.

आता ही यंदाची हळद आली कुठून, तर आमच्याच परड्यातून. हे मला आधी सुचलं नाही याची लाज वाटते. घराच्या मागे, विहिरीचं सांडपाणी जातं तिथे आईंची हळद कित्येक वर्षं आहे, पण ती लावायची कशाला तर पानांसाठी. नागपंचमीला पातोळ्या, गौरीला पातोळ्या, तांदळाचं पीठ पानावर थापायचं, आत गूळखोबरं, पान दुमडून उकडायचं आणि वाफेबरोबर तो वास घरभर. खालचं कोणी बघतच नसे, थोडे गड्डे बियाण्याला ठेवायचे, थोडी ओली हळद लोणच्याला, बाकी जमिनीत. गुहागरकडे आबलोलीच्या एका शेतकऱ्यानं निवड करत करत एसके-४ म्हणजे स्पेशल कोकण ४ अशी खास कोकणातली जात काढलीय हे वाचलं होतं, त्यामुळे कोकणात हळद होत नाही हे कोणी म्हणायला नको, आम्हीच करत नव्हतो.

गेल्या मृगाला जरा नीट लावली, गादीवाफे करून, शेणखत घालून. फेब्रुवारीत पानं पिवळी होऊन आडवी पडली तेव्हा खणली. माती झाडून, बियाणं बाजूला ठेवून चौदा किलो भरली. मी मनात हिशोब केला की एवढ्या डब्या, एवढ्या घरी, आणि आई म्हणाल्या थांब, सुकू दे, मग नाचूया. खळ्यात तीन दगडांची चूल, मोठा टोप, वर ओलं गोणपाट, खाली सोडणं आणि झावळ्या. फेस येतो आणि एक वेगळाच वास सुटतो तेव्हा काडी टोचून बघायची, सहज आत गेली की बास. मग पंधरा दिवस खळ्यात वाळवण, रात्री दव पडतं म्हणून झाकायची, कोंबड्या उकरतात म्हणून राखायची. मोडली की कट्ट असा आवाज आला तेव्हा मला सांगलीचे काका आठवले. गोणपाटात घालून दोघींनी चोळली, आमचं पॉलिश ते. वजन केलं, दोन किलो सातशे ग्रॅम. चौदाचे पावणेतीन पण नाहीत! पाचाला एक हाच हिशोब असतो हळदीचा, आणि हे कळल्यावर मग चांगल्या हळदीचा भाव मला जास्त वाटेनासा झाला. मला तो जास्त वाटायचा तो बरणीचा.

दळायला नेली तर पिठाची गिरण घेईना, जातं पिवळं होतं म्हणून. मसाल्याच्या कांडपावर नेली, सांगितलं की आधी पुसून घ्या, तो हो हो म्हणाला, आणि पहिली दोनशे ग्रॅम हळद मिरचीचा ठसका घेऊन आली. ती आम्ही घरी ठेवली. नवऱ्यानं त्यातली चिमूटभर दुधात घालून घेतली आणि मग काय झालं ते लिहीत नाही.

करक्युमिन किती असेल आमच्या हळदीत? लॅबला पाठवली नाही. वासाला चांगली आहे, रंगाला मध्यम, जिभेवर ठेवली तर आधी माती मग तिखटसर कडू. आत्याला तीच दिली, म्हणलं आता नेहमीच्या मापानं घाल. तिनं फोन केला नाही, म्हणजे बरं झालं असणार, आत्या फक्त तक्रारीला फोन करते.

आणि एक घर राहिलं होतं. आमच्या वाडीतली काकी. सत्तरीची, काका जाऊन अकरा वर्षं झाली, एकटी राहते, आणि वाडीत कोणाकडे लग्नाचं जेवण असो की म्हामदं, वालाच्या बिरड्याला आणि फणसाच्या भाजीला तीच लागते. चांगली हळद कोणाला कळेल तर तिला. आणि नेमकं तिलाच द्यायला माझा हात अडखळला. संक्रांतीला अख्खी वाडी हळदीकुंकवाला फिरते तेव्हा काकी दार लोटून घेऊन आत बसते हे मी लग्न होऊन आल्यापासून बघतेय, कोणी बोलवत नाही आणि ती विचारत नाही. आता तिच्या हातात मी हळदीची डबी ठेवायची म्हणजे तिला काय वाटेल, वरून कोणी बघितलं तर काय बोलतील, असलं सगळं डोक्यात. तीन दिवस डबी फडताळावर पडून. आईंना विचारलं तर त्या काहीच बोलल्या नाहीत, नुसती डबी पुसून माझ्या हातात दिली.

गेले. काकी अळू चिरत बसलेली. मी डबी ठेवली आणि उगीच सारवासारव करायला लागले, की काकी तसं काही नाही हां, स्वयंपाकासाठी आपली घरची केलीय म्हणून, तुम्हाला चालत असेल तर.

तिनं मान वर केली. "चालत असात तर म्हंजे काय गो? मगे मी काय जेवणात हळद घालणंय नाय?"

झाकण उघडलं, चिमूट घेतली, बोटावर चोळली, हुंगली, जिभेला लावली, डोळे मिटून थोडा वेळ गप्प. मग म्हणाली अजून दोन दिवस वाळवायला पाहिजे होती. म्हणलं काकी, आता तर दळून झाली. "म्हणान सांगतंय, फुडल्या वर्सा."

आठवड्यानं तिची नात डबी परत घेऊन आली. डबी कधी रिकामी पाठवायची नसते, तशी ती रिकामी नव्हतीच, आत ओल्या फडक्यात गुंडाळलेले आंबेहळदीचे चार तुकडे होते, कोंब फुटलेले, परड्यात लावायला, आणि नातीच्या तोंडी निरोप, पाऊस पडलो काय लाव, आणि नागपंचमीक माका पातोळ्यांक पानां व्हयी, तेवढी दी.